दर्शनी खोली

माझ्या नातवंडांचा असा समज आहे की आजी जन्मतःच शहाणी होती. मी तो मोडत नाही. पण मला पन्नाशीत पाहिलेली माणसं अजून हयात आहेत, त्यांतली काही चहालाही येतात. तेव्हा दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगितलेलं बरं.

पन्नाशीतली ती बाई, म्हणजे मीच, इंग्लंडात मिल्टन कीन्समधल्या एका शाळेत गणित शिकवायची. पोरांच्या वह्यांत इतकी वर्षं चुका शोधल्या होत्या, की आपणही चुकू शकतो ही शक्यताच डोक्यातून निघून गेली होती. आम्ही तेव्हा तिथल्याच एका नव्या वस्तीत राहायचो. आमच्या घराला पत्ता होता, चेहरा नव्हता. सगळी घरं एका सुरीनं कापलेल्या शंकरपाळ्यांसारखी. एका संध्याकाळी मी शेजाऱ्यांच्या दाराला आमची किल्ली लावून बराच वेळ खटपट करत होते. आतून शेजारीणच म्हणाली, ‘पुढचं दार, लव्ह.’ त्याच रात्री जेवताना मी जाहीर केलं, की मला चेहरा असलेलं घर पाहिजे.

आमचे हे इंजिनियर. त्यांनी विचारलं, ‘चेहरा असलेलं, की गळणारं?’

‘दोन्ही असलं तरी चालेल,’ मी म्हटलं. देव माझे हट्ट तेवढे अक्षरशः पुरवतो.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही गोष्ट. गाडीनं अर्ध्या तासाच्या आत एक जुनं बाजाराचं गाव होतं. तिथल्या मुख्य रस्त्यावर ते घर मला दिसलं, आणि मी अशी भाळले की स्वतःच्या लग्नाच्या वेळीही भाळले नव्हते. लाल विटांचं, दुमजली, फुटपाथला अगदी खेटून. मधोमध पांढरं दार, दारावर अर्धगोल काच, दोन्ही बाजूंना दोन-दोन उंच खिडक्या, वरच्या मजल्यावर पाच. खिडक्यांवर घासून गुळगुळीत केलेल्या विटांच्या पंख्यासारख्या कमानी. छप्पर दिसू नये म्हणून वर विटांचाच कठडा. जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकाच्या घाटाचं. एजंटनं तो शब्द उच्चारला आणि मी घर आतून पाहायच्या आधीच मनात पडदे शिवायला घेतले.

घर घेतलं, आणि माझी व्याख्यानं सुरू झाली. पाहुणे दारात बूट काढत असतानाच मी सुरुवात करायचे. ‘भिंत बघा. एक वीट लांब, एक आखूड, परत लांब, परत आखूड. कुठे चुकलंय? नाही ना?’ मग त्यांना एका मोज्यावर तसंच बाहेर नेऊन वरच्या डाव्या कोपऱ्यातली खिडकी दाखवायची. तिथे चौकट होती, पण काचेच्या जागी विटा. ‘सरकार खिडक्यांवर कर घ्यायचं. म्हणून मालकानं ही बुजवून टाकली.’ शेवटी दर्शनी भिंतीकडे हात करून मी म्हणायचे, ‘एका व्यापाऱ्यानं हे घर पायापासून मोजून-मापून उभं केलं. हे घर म्हणजे विटांतलं समीकरण आहे.’

हे वाक्य मी खरोखर बोलायचे. मोठ्यानं. जेवायला आलेल्या माणसांसमोर.

‘समीकरण गळतंय,’ आतून ह्यांचा आवाज यायचा, ‘निळी बादली कुठे ठेवलीस?’

आता, त्याच घरात मागच्या बाजूची जमीन उतरती होती. जेवताना ताटातला वाटाणा घरंगळला तर तो थेट कोठीच्या भिंतीशी जाऊन थांबायचा. पुढच्या खोलीत छताला हात लावायला शिडी लागायची, आणि मागच्या खोलीत माझ्या उंच भाच्याचं कपाळ तुळईला आपटायचं. एका घराला दोन उंचीची छतं का, असा प्रश्न सातवीतल्या पोरालाही पडला असता. गणिताच्या बाईंना पडला नाही. विचारलंच कुणी तर मी म्हणायचे, ‘जुनी घरं बसतात हो.’ बसतात, खरं आहे. पण अर्धीच?

घरातली माझी सगळ्यात लाडकी जागा म्हणजे दाराच्या उजव्या हाताची दर्शनी खोली. भिंतींना लाकडी पॅनेल, त्यांवर मी कित्येक आठवडे डोकं खपवून निवडलेला फिकट हिरवा रंग. रस्त्याकडे दोन उंच खिडक्या, त्यांच्या लाकडी झडपा भिंतीतच घडी होऊन बसायच्या. फायरप्लेसच्या बाजूला एक अरुंद दार, आणि त्यामागे छोटीशी खोली. तिला क्लोजेट म्हणायचे, हे मी वाचलं होतं. तिला बोळाकडे उघडणारी स्वतःची खिडकीही होती. त्या क्लोजेटमध्ये मी काचेच्या फळ्या लावून चहाचे जुने सेट मांडून ठेवले होते. दर्शनी खोलीत बसायला कुणाला मनाई नव्हती. फक्त कुणी बसलं की मी उभी राहायचे.

अशा त्या घरात सासूबाई आल्या.

सासरे गेल्यावर त्या पुण्याहून आल्या, त्या लंडनला, एजवेअरमध्ये, धाकट्या दिरांकडे राहिल्या. त्यांचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, लिफ्ट महिन्यातून निम्मे दिवस आजारी, आणि सकाळी आठनंतर घरात चिटपाखरू नाही. दीर-जाऊ दोघं कष्टाळू, मायाळू, पण नोकऱ्या दोघांना. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर तर त्या खाली उतरेनातच. म्हणून उन्हाळ्यात आम्ही त्यांना आणलं.

आमच्याकडे अडचण उलटी. बाथरूम वर, आणि जिना शिडीचा मोठा भाऊ. सासूबाई चढायच्या कठडा ओढत, आणि उतरायच्या बसून, एकेका पायरीवर टेकत. मी खालून हात पुढे करून उभी. वर चढून झालं की दिवसभर गुडघा सुजायचा. गणपती होऊन गेल्यावर एकदा त्या मधल्या पायरीवरच बसल्या आणि म्हणाल्या, ‘हे बघ सूनबाई, दिवाळीपर्यंत मी बघते. खाली न्हाणीची काही सोय होतेय असं दिसलं तर राहते. नाहीतर मला परत पोचव. जिथे वर चढता येत नाही त्या घरापेक्षा, जिथून खाली उतरता येत नाही ते घर परवडलं. तिथे निदान पडायची भीती नाही.’

‘आई, तिथे दिवसभर एकट्या असता तुम्ही.’

‘मग? इथे काय मिरवणुकीत असते?’

सूनबाई म्हटलं की समजायचं, विषय संपला. एरवी त्या मला ‘अगं’ म्हणायच्या.

मी लगेच योजना आखली. त्यांची खाट मागच्या खोलीत होती. त्या खोलीच्या भिंतीपलीकडेच कोठी. पण कोठीत जायचं तर स्वयंपाकघरातून पायऱ्या उतराव्या लागायच्या. म्हणजे त्या भिंतीत फक्त एक दार पाडायचं, कोठीची न्हाणी करायची, की झालं. आमचं घर लिस्टेड होतं, जुन्या वास्तूंच्या सरकारी यादीतलं, म्हणजे कौन्सिलच्या परवानगीशिवाय आतल्या भिंतीलाही हात लावायचा नाही. मी अर्ज केला. सोबत स्वतः काढलेला नकाशा, पट्टी लावून. दिवाळीच्या आठवड्यात कौन्सिलची अधिकारी पाहायला येणार असं ठरलं.

आता ऑफिसर घर बघायला येणार, आणि वर दिवाळी. मराठी बाई काय करेल?

आमच्या पुढच्या भिंतीचा दाराजवळचा भाग दिसायला वाईट होता. कुणीतरी पूर्वी मोडक्या विटा काढून नारिंगी नव्या विटा बसवल्या होत्या, काही जुन्या विटा धुरानं काळ्या पडल्या होत्या. लांबून चित्त्यासारखं दिसायचं. सासूबाईंनी पुण्याहून गेरूची चांगली मोठी पिशवी आणली होती, तुळशीच्या कुंडीला आणि दाराच्या पायरीला. हाफ टर्मची सुट्टी, दोन दिवस पाऊस नाही. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसल्या आणि पायरी कशी सारवायची ते मला सांगू लागल्या. पायरी झाली. सुरेख झाली. वाटीत गेरू उरला.

‘त्या नारिंगी विटेला लाव जरा,’ सासूबाई म्हणाल्या. ‘डोळ्यांत खुपते.’

मी लावला. नारिंगी वीट एकदम घरातल्यासारखी दिसायला लागली. पण तिच्या शेजारची काळी वीट आता जास्तच काळी दिसली. तिला लावला. मग तिच्या शेजारणीला. एका पोळीला तूप लावलं की बाकीच्या तोंडं पाडून बसतात, तशातली गत. दुपारपर्यंत दाराच्या उजव्या बाजूची भिंत खिडकीच्या खालच्या चौकटीपर्यंत गेरूनं लाल झाली होती आणि सगळ्या सांध्यांवरून मी बिनदिक्कत ब्रश फिरवला होता.

‘आता हे मटणाच्या दुकानासारखं दिसतंय,’ सासूबाई म्हणाल्या. ‘गेरूवर पांढरी रेघ नको? तुझ्या आईनं शिकवलं नाही काही?’

शाळेत व्हाइटबोर्ड आल्यापासून खडूंचे खोके माझ्याकडे पडून होते. ते कुटून भिजवले. काडीला कापूस गुंडाळून सासूबाईंनी बसल्याजागी सांध्यांवर रेघा ओढायला सुरुवात केली. हात पोचेल तिथवर त्यांनी, त्याच्यावर मी. त्यांची रेघ सुतासारखी. माझी, त्यांच्याच शब्दांत, ‘मुंगी दारू पिऊन गेल्यासारखी.’

फुटपाथवरून जाणारी माणसं थांबायला लागली. कुत्रा फिरवणारे, पिशव्या घेतलेले, बाबागाडी ढकलणारी एक तरुण आई. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. ‘ये, बघ. दिवाळी आहे आमची. हे तुझं बाळ? टोपी घाल की गं त्याला, वारा केवढा आहे!’ आणि ती पोरगी खरंच टोपी ओढून बाळाचे कान झाकायची. त्या दिवसात सासूबाई जेवढं बोलल्या, तेवढं उन्हाळ्यापासून बोलल्या नव्हत्या. मला तेव्हा ते दिसलं, पण माझं लक्ष रेघांवर होतं.

चार वाजता समोरच्या घरातले गृहस्थ रस्ता ओलांडून आले. ते गावच्या इतिहास मंडळात होते आणि माझं समीकरणाचं व्याख्यान त्यांनी दोनदा ऐकलं होतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. ‘गुडनेस,’ ते म्हणाले. पुन्हा भिंतीकडे पाहून परत एकदा, ‘गुडनेस.’ आणि अतिशय सभ्यपणे मला सांगितलं, की कौन्सिलला फोन करणं त्यांना आपलं कर्तव्य वाटतंय, आणि मी राग मानू नये.

‘काय म्हणतोय?’ सासूबाईंनी विचारलं.

‘छान झालंय म्हणतायत,’ मी म्हटलं. आणि ब्रश खाली ठेवला. त्यांचा फोन कौन्सिलमधल्या ज्या बाईकडे जाणार, दार पाडायची परवानगी देणारीही तीच होती.

ती दुसऱ्याच दिवशी आली. माझ्या मुलीपेक्षा थोडीशीच मोठी असेल, पायांत चिखलाचे बूट, खांद्याला टॉर्च आणि आरसा भरलेली झोळी. तिनं नमस्कार-चमत्कार काही न करता भिंतीला नाक लावलं. बोट ओलं करून विटेवर घासलं, बोटाकडे पाहिलं.

‘हे काय आहे?’

‘लाल माती,’ मी शाळेतल्या आवाजात म्हणाले. ‘पूर्णपणे नैसर्गिक.’

‘गोंद? तेल? सिमेंट?’

‘फक्त पाणी.’

तिनं श्वास सोडला. ‘नशीब तुमचं. याला हात लावू नका. घासायचं नाही, पाण्याचा जोरदार फवारा तर नाहीच. पावसानं आपोआप जाईल.’ मग ती सासूबाईंच्या रेघांपाशी उकिडवी बसली आणि हसली. ‘गंमत म्हणजे, जुने गवंडी अगदी हेच करत. विटा कमअस्सल असल्या की वरून लाल रंगाचा हात मारायचा आणि सांध्यांवर बारीक पांढरी रेघ ओढायची. लांबून महागाची भिंत वाटायची.’

क्षणात माझी मान ताठ. ‘बघितलंत!’ मी ह्यांना म्हटलं.

‘पण त्यांच्या काळी घरं लिस्टेड नव्हती,’ ती म्हणाली. ‘तुमचं आहे. परत करायचं झालं तर आधी विचारा.’

माझी मान पूर्वपदावर आली.

ती आत आली. मी सवयीनं व्यापाऱ्यानं पायापासून बांधलेल्या घराचं सुरू केलं. ती मागच्या खोलीत गेली, छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, कोठीच्या भिंतीवर बोटांनी टकटक केली, आणि मग कोठीत उतरून टॉर्च लावला. ‘जरा इकडे येता?’ कोपऱ्यात प्लास्टर सुटलं होतं तिथे तिनं प्रकाश टाकला. आत वीट नव्हतीच. काळाभोर ओकचा खांब होता, त्याला तिरपा टेकू, आणि लाकडात सुताराच्या छिन्नीची खूण.

‘तुमचं घर दोन घरं आहेत,’ ती म्हणाली. ‘हे मागचं लाकडी घर आधीचं. खूपच आधीचं. पुढे फॅशन बदलली, मालकाला नवीन दिसावंसं वाटलं. सगळं पाडायचं त्याच्या जिवावर आलं असेल. म्हणून रस्त्याच्या बाजूला एका खोलीइतकं नवं बांधकाम केलं, त्याला विटांचा चेहरा लावला, वर कठडा, म्हणजे मागचं जुनं छप्पर रस्त्यावरून दिसायला नको. या रस्त्यावर अशी बरीच आहेत.’

‘आणि बुजवलेली खिडकी? कराची?’ माझा आवाज जरा बारीक झाला होता.

‘तिच्यामागे धुराडं आहे. ती कधी उघडी नव्हतीच. पाच दिसायला हव्यात म्हणून पाच.’

आमचे हे भिंतीकडे तोंड करून खोकत होते. तो खोकला मी ओळखते. सर्दीचा नव्हता.

मग मागच्या खोलीत परत येऊन ती मुद्द्यावर आली. माझ्या नकाशातलं दार बरोबर त्या ओकच्या खांबावर येत होतं. खांब कापला तर मागचं घर आणखी बसेल, आणि या वेळी खरोखर बसेल. इकडे-तिकडे सरकवलं तर तिरपा टेकू आडवा येतो. ‘या भिंतीत दाराची परवानगी मिळणार नाही,’ ती सरळ म्हणाली. ‘तसं मी आजच सांगते, म्हणजे तुमचा वेळ जायला नको.’

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या खाटेवर बसून आम्हा तिघांची तोंडं वाचत होत्या.

निघता निघता त्या पोरीनं दर्शनी खोली पाहिली. झडपा उघडून मिटून पाहिल्या, पॅनेलवरून हात फिरवला, आणि क्लोजेटचं दार उघडून माझ्या कपबश्यांसमोर उभी राहिली. खिडकीतून डोकावून बाहेरच्या बोळातला सांडपाण्याचा पाइप पाहिला. ‘आईंसाठी बाथरूम पाहिजे ना?’ ती म्हणाली. ‘मग ही काय वाईट आहे? खिडकी आहे, पाइप शेजारी आहे, एक वीटसुद्धा फोडावी लागत नाही. रीतसर अर्ज करा. इथे मी नाही म्हणेन असं वाटत नाही. अर्थात, त्यांना या खोलीत राहावं लागेल.’

ती गेली. चहा झाला. सासूबाईंनी बशी खाली ठेवली. ‘ती पोरगी काय म्हणाली?’

मी भाषांतर केलं. गणितात ज्याला आसन्न, म्हणजे जवळपासची, किंमत म्हणतात, तसं. ‘मागे दार पाडता येणार नाही म्हणाली.’

‘आणि?’ हे म्हणाले.

‘आणि गेरू पावसात जाईल.’

‘आणि?’

‘आणि आपलं घर दोन घरं आहेत.’

ह्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि बिस्किट चहात बुडवलं. हा माणूस भांडत नाही. नुसतं बिस्किट बुडवतो.

सासूबाई म्हणाल्या, ‘मग शनिवारी मला पोचव एजवेअरला. दिवाळी तिकडेच करू. तुझा काही दोष नाही, घरच तसलं आहे.’ आणि त्या त्यांच्या खोलीत जाऊन पातळं घडी करून बॅगेत भरायला लागल्या. सावकाश, एकेक. माझा दोष नाही म्हणाल्या, ते मला जास्त झोंबलं.

मी दर्शनी खोलीत जाऊन बसले. खरंच बसले, पहिल्यांदाच बहुतेक. सोफा अजून नव्यासारखा कडक होता. मनात मी सासूबाईंची खाट त्या हिरव्या पॅनेलला लावून पाहिली. शेजारी पाण्याचा तांब्या, औषधं, वाळत घातलेला टॉवेल. क्लोजेटमध्ये कपबश्यांच्या जागी कमोड. पाहुणे आल्यावर कुठे बसवायचे? व्याख्यान कुठून सुरू करायचं? माणसाचं मन अशा वेळी काय काय सुचवतं! मी स्वतःला सांगून पाहिलं, की म्हाताऱ्या माणसाला रस्त्याचा आवाज सोसणार नाही. एजवेअरला निदान शांतता आहे, हेही सांगून पाहिलं.

तेवढ्यात खिडकीबाहेर ती बाबागाडीवाली पोरगी थांबली. तिनं रेघा पाहिल्या, मग दारातल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग काचेला हाताचा आडोसा करून आत डोकावली. मी हात हलवला. तिनंही हलवला, पण तिची नजर माझ्या मागे, बाजूला, खोलीभर फिरली. बाळाच्या टोपीकडे बोट दाखवून तिनं भुवया उंचावल्या: त्या कुठायत?

तिला मी नको होते. मी घराचा मालकी हक्क, रंगाची निवड आणि विटांचं समीकरण घेऊन त्या सुंदर खिडकीत बसले होते आणि रस्त्यावरच्या बाईला माझ्या सासूबाई हव्या होत्या. पन्नाशीतल्या त्या बाईला काही समजावणं सोपं नव्हतं, पण उदाहरण सोडवून फळ्यावर मांडलं की तिला पटायचं.

मी तडक मागे गेले. ‘अहो, टेप आणा. आणि आई, ती बॅग राहू द्या. क्लोजेटमध्ये शॉवर आणि कमोड दोन्ही बसतंय. ती कौन्सिलची पोरगी तेही म्हणाली होती.’

‘कधी म्हणाली?’

‘मघाशीच. मी भाषांतर करायला विसरले.’

सासूबाईंनी पातळाची घडी मोडली नाही. ‘मला तुझी शोभेची खोली नको. त्या देवळात मी खोकायचं कसं?’

‘खोका. मोठ्यानं खोका.’

‘भिंतीला खिळा मारू देशील? ह्यांचा फोटो लावायचाय.’

पॅनेलला खिळा! माझ्या तोंडून ‘नाही’ निसटलंच. ‘पण फायरप्लेसवर ठेवू आपण. फोटोही, देवही.’

‘देवांच्या खाली चूल?’ त्यांनी विचार केला. ‘चालेल. थंडी आहे इथे, त्यांनाही बरं. आणि तो हिरवा रंग आजारी दिसतो. तो बदल.’

‘आई, त्याला परवानगी लागेल बहुतेक.’

‘मग माग,’ त्या म्हणाल्या, आणि पातळं बॅगेतून परत काढायला लागल्या. ‘गेरूच्या वेळी कुठे मागितलीस?’

दिवाळीला त्यांची खाट दर्शनी खोलीत आली. परवानगीला हिवाळा गेला, प्लंबरला आणखी थोडा. तोवर हॉस्पिटलनं दिलेली कमोडची चाकांची खुर्ची खोलीत, आणि दोन-तीन दिवसांआड जिन्याची ती जुनी वारी अंघोळीसाठी. सासूबाईंनी तेवढं सोसलं. सोय होताना दिसली तर थांबेन, असं त्यांनीच म्हटलं होतं. एजवेअरला मात्र त्या फोनवर सांगायच्या, ‘सध्या इथे आहे. पुढचं पुढे.’ त्यांचं बहुतेक सामान अजून तिकडेच होतं, कपाटसुद्धा त्यांनी कुणाला उघडू दिलं नव्हतं.

कपबश्या मी खोक्यांत भरून माळ्यावर टाकल्या. भरताना दोन फुटल्या. जिवाला चटका लागला, नाही म्हणत नाही.

मार्चमध्ये एका सकाळी प्लंबर पाइपवरून शेवटचा हात फिरवून गेला. सासूबाई टॉवेल घेऊन क्लोजेटमध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं. मी बाहेर उभी. पाण्याचा आवाज आला. थांबला. परत आला.

‘आई, ठीक आहे ना? आत येऊ?’

‘कशाला? तुझी अंघोळ व्हायचीय का?’ मग पाण्याच्या आवाजात कुठलंसं स्तोत्र, सुरात नसलेलं. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या, लाल-लाल होऊन, केस मोकळे, हातात काठी आणि दुसरा हात कुणाच्याच खांद्यावर नाही. खाटेवर टेकल्या. उंच खिडकीतून ऊन थेट अंगावर येत होतं.

‘फोन दे,’ त्या म्हणाल्या. ‘धाकट्याला लाव.’

मी एजवेअरचा नंबर लावून दिला. त्यांनी क्षेमकुशल वगैरे काही विचारलं नाही. ‘अरे, रविवारी गाडी घेऊन ये. माझं कपाट रिकामं कर. सगळं आण. लोकरीची पातळं, माझा पाट, मसाल्याचा डबा. आणि शिवणाचं मशीन. हो, पायाचंच, ते जड आहे, तू एकट्यानं उचलू नकोस.’

मी हळूच म्हटलं, ‘आई, मशीन कुठे ठेवायचं?’

त्यांनी फोनवर हात ठेवला. ‘कुठे म्हणजे? खिडकीत. उजेड बघ किती आहे इथे.’